मख्ख चेहऱ्यावरचा खटला : जे कटलर आणि २३ जानेवारी २०११

तिसरं सत्र अर्ध्यावर आलं होतं. शिकागोच्या सोल्जर फील्डवर शून्याखालची थंडी होती आणि बेअर्स संघ १४-० असा मागे होता. साइडलाइनवर सहा नंबरचा खेळाडू जाड जाकीट पांघरून उभा होता. त्याच्या डोक्यावर हेल्मेट नव्हतं. मधे तो व्यायामाच्या सायकलवर बसला, दोन-चार पायडल मारून उतरला आणि नंतर बाकावर जाऊन बसला. कॅमेरा दर दोन मिनिटांनी त्याच्यावर येत होता आणि प्रत्येक वेळी चेहरा तोच दिसत होता. ओठ किंचित मुडपलेले, नजर कुठेतरी लांब, जसं काही बसथांब्यावर उभा आहे आणि बस कधी येईल याची त्याला फारशी पर्वा नाही.

हा जे कटलर, बेअर्सचा क्वार्टरबॅक. मैदानावर चाललेला सामना हंगामातला सगळ्यात मोठा होता. जिंकणारा थेट सुपर बोलला, म्हणजे एनएफएल या लीगच्या अंतिम सामन्याला, जाणार होता आणि समोर होते ग्रीन बे पॅकर्स. या दोन संघांचं वैर १९२१पासूनचं, पण नव्वद वर्षांत बाद फेरीत ते फक्त एकदाच भिडले होते, डिसेंबर १९४१मध्ये. शिकागोत हा सामना म्हणजे घरचं कार्य होतं, आणि नवरदेव मांडवाच्या कडेला जाकीट घालून उभा होता.

पुढच्या काही तासांत या माणसावर पळपुटेपणाचा शिक्का बसला, तो पुढे कारकीर्दभर पुसला गेला नाही. खेळातल्या नेतृत्वाबद्दल बोलायची वेळ येते तेव्हा मी हेच प्रकरण पुढे करतो, कारण इथे आरोप खोटा निघतो पण आरोपी धुतल्या तांदळासारखा निघत नाही.

आधी पद समजून घेऊ

आपल्याकडे फुटबॉल म्हटलं की पायाने खेळायचा खेळ डोळ्यांपुढे येतो. इथे बोलतो आहोत तो लंबगोल चेंडूचा, हेल्मेट आणि खांद्यावर पॅड घालून खेळायचा अमेरिकन खेळ. प्रत्येक चाल क्वार्टरबॅकच्या हातून सुरू होते. प्रशिक्षकाकडून आलेली चाल तो बाकीच्या दहा जणांना सांगतो, समोरच्या संघाची मांडणी वाचतो, गरज पडली तर ऐन वेळी चाल बदलतो. मग चेंडू त्याच्या हातात येतो आणि तिथून त्याच्याकडे साधारण अडीच-तीन सेकंद असतात. तेवढ्यात कुणाकडे फेकायचा ते ठरवून फेकून मोकळं व्हायचं. उशीर झाला तर सव्वाशे-दीडशे किलोचा कुणीतरी अंगावर येऊन आदळतो. चेंडू हातात असताना असं आडवं पाडलं जाणं म्हणजे सॅक.

त्याला वाचवायला पाच धिप्पाड लाइनमन पुढे उभे असतात. त्यांतला डाव्या टोकाचा, म्हणजे लेफ्ट टॅकल, उजव्या हाताने फेकणाऱ्या क्वार्टरबॅकसाठी सगळ्यात महत्त्वाचा, कारण फेकायच्या पवित्र्यात डावी बाजू पाठीमागे जाते आणि तिकडून येणारा दिसत नाही. पाठ त्याच्या भरवशावर टाकायची असते. ही लेफ्ट टॅकलची गोष्ट लक्षात ठेवा, पुढे लागेल.

असं पद असल्यामुळे क्वार्टरबॅकचा स्वभाव हा अमेरिकेत सार्वजनिक मालमत्ता असतो. तो बाकावर कसा बसतो, चूक झाल्यावर कुणाकडे बघतो, पराभवानंतर पत्रकारांशी किती वाक्यं बोलतो, सगळ्याचा कीस पडतो.

कटलरची फाइल आधीच जाड होती

इंडियाना राज्यातल्या सांता क्लॉज नावाच्या गावात वाढलेला हा पोरगा. गावाचं नाव खरंच तसं आहे. लीगचे संघ दरवर्षी पाळीपाळीने विद्यापीठांतले नवे खेळाडू निवडतात, त्यात व्हँडरबिल्ट विद्यापीठातून २००६ साली डेन्व्हर ब्रॉन्कोजने त्याला अकराव्या क्रमांकावर निवडलं. हात तोफेसारखा. २००७च्या हंगामात त्याचं वजन झपाट्याने उतरलं, ताकद गेल्यासारखी वाटायला लागली आणि २००८च्या वसंतात कळलं की त्याला टाइप वन मधुमेह आहे. तेव्हापासून सामना चालू असताना साइडलाइनवर रक्तातली साखर तपासणं हा त्याच्या कामाचा भाग झाला. याचं भांडवल त्याने कधी केलं नाही. केलं असतं तर लोक कदाचित जरा मऊ झाले असते.

२००९मध्ये डेन्व्हरला जॉश मॅकडॅनियल्स हा नवा प्रशिक्षक आला आणि कटलरच्या जागी दुसरा क्वार्टरबॅक आणायच्या वाटाघाटी झाल्याचं बाहेर आलं. कटलर बिनसला तो बिनसलाच. मालक पॅट बोलन यांनी जाहीर निवेदन काढलं की दहा दिवस आम्ही संपर्काचा प्रयत्न करतो आहोत, तो दाद देत नाही. कटलरचं म्हणणं वेगळं होतं, पण ‘रुसका’ हा पहिला शेरा फाइलमध्ये गेला. एप्रिलमध्ये बेअर्सने त्याच्या बदल्यात काइल ऑर्टन हा क्वार्टरबॅक आणि पहिल्या फेरीचे दोन निवड-हक्क मोजले, वर तिसऱ्या फेरीचा एक. एवढी किंमत दिली की माणूस देवदूत ठरावा लागतो. पहिल्याच हंगामात त्याने २६ इंटरसेप्शन दिली, म्हणजे २६ वेळा चेंडू प्रतिस्पर्ध्याच्या हातात फेकला. लीगमधला तो त्या वर्षीचा उच्चांक होता.

२०१०चा हंगाम या प्रकरणासाठी जास्त कामाचा आहे. ३ ऑक्टोबरला न्यूयॉर्क जायंट्सने त्याला पहिल्या अर्ध्यातच नऊ वेळा सॅक केलं. नऊ! शेवटी डोक्याला मार लागून तो बाहेर गेला. एक सामना बसला आणि परत आला. त्याच महिन्यात वॉशिंग्टनच्या डीअँजेलो हॉल या एकाच बचावपटूने त्याची चार इंटरसेप्शन पकडली. सामन्यानंतर कटलर काय म्हणाला? उद्या पुन्हा खेळायचं असेल तर मी परत त्याच्याच दिशेने फेकीन. एका नजरेने बघितलं तर ही जिद्द आहे. दुसऱ्या नजरेने बघितलं तर चूक कबूल करायला जीभ न वळणारा माणूस आहे. मला दोन्ही खरं वाटतं, आणि त्यातला दुसरा भाग जास्त महागात पडणारा.

त्या हंगामात त्याला एकूण ५२ वेळा सॅक केलं गेलं, लीगमध्ये सगळ्यात जास्त. तरी बेअर्स ११-५ असे आले, म्हणजे अकरा विजय आणि पाच पराभव. बाद फेरीत सिअॅटलविरुद्ध त्याने दोन टचडाऊन (म्हणजे चेंडू समोरच्यांच्या शेवटच्या रेषेपार नेणं) फेकून आणि दोन स्वतः पळून केले, ३५-२४. आणि मग पॅकर्स.

त्या दुपारी काय झालं

पहिल्या अर्ध्यात बेअर्सचं काहीच जुळलं नाही. कटलरच्या १४ फेकींपैकी ६ पोचल्या, ८० यार्ड झाले, एक चेंडू सॅम शील्ड्सने पळवला. अर्धा संपत आला तेव्हा त्याच्या डाव्या गुडघ्याला मार बसला. मध्यंतरात डॉक्टरांनी बघितलं. दुसऱ्या अर्ध्यात तो पुन्हा मैदानात आला, एक डाव खेळला आणि परतला. त्यानंतर तो आत आला नाही.

गुडघ्याच्या आतल्या बाजूचं अस्थिबंध ताणलं गेलं होतं, दुसऱ्या श्रेणीचं, म्हणजे अर्धवट फाटलेलं. हे दुसऱ्या दिवशी एमआरआयमध्ये स्पष्ट झालं. हे बंधन गुडघा आडवा लचकू देत नाही. कटलर उजव्या हाताने फेकतो. फेकताना उजव्या पायावरचं सगळं वजन पुढे डाव्या पायावर येतं आणि तो पाय जमिनीत रोवला गेला तरच चेंडूला जोर मिळतो. तो गुडघाच आडवा हलत असेल तर चेंडू नेमका जात नाही. शिवाय पळता येत नाही, आणि बाजूने येणाऱ्याला चुकवताही येत नाही. लाइनच्या मध्यावर खेळणाऱ्या ओलिन क्रूट्झने नंतर सांगितलं की कटलरचा पाय थरथरताना त्याने जवळून पाहिला होता.

कटलरच्या जागी टॉड कॉलिन्स आला. वय ३९. याच कॉलिन्सने ऑक्टोबरमध्ये कॅरोलायनाविरुद्ध चार इंटरसेप्शन दिली होती. त्या दिवशी त्याने चार फेकी केल्या, चारही वाया गेल्या. तिसरं सत्र संपायला जेमतेम एक मिनिट राहिलं असताना प्रशिक्षक लव्ही स्मिथ यांनी त्यालाही काढलं आणि तिसऱ्या क्रमांकाचा केलब हॅनी मैदानात पाठवला.

इथे एक नियम आडवा येतो, आणि या प्रकरणावर बोलणारे नव्वद टक्के लोक तो विसरतात. तेव्हा प्रत्येक संघाला ४५ खेळाडूंखेरीज एक आणीबाणीचा तिसरा क्वार्टरबॅक ठेवता यायचा. पण हा तिसरा गडी चौथं सत्र सुरू होण्याआधी मैदानात आला, तर पहिले दोघं त्या सामन्यात परत येऊ शकत नाहीत. स्मिथ यांनी एक मिनिट थांबून हॅनीला आणलं असतं तर कटलरचं दार कागदोपत्री तरी उघडं राहिलं असतं. ते थांबले नाहीत. याचा सरळ अर्थ असा की कटलर आज परत येत नाही हे त्यांच्या लेखी पक्कं झालेलं होतं. टीव्हीसमोर बसलेल्यांना मात्र तो अजूनही ‘येऊ शकतो पण येत नाही’ असा दिसत होता. (पुढच्याच हंगामात हा नियम गेला. जानेवारी २०२३मध्ये अशाच उपांत्य लढतीत सॅन फ्रान्सिस्कोचे दोन्ही क्वार्टरबॅक जायबंदी झाले तेव्हा लीगला तिसऱ्याची पुन्हा आठवण झाली.)

हॅनीने जान आणली. चेस्टर टेलरने एक यार्डावरून टचडाऊन केला, १४-७. मग हॅनीची एक फेक बी. जे. राजी या दीडशे किलोच्या बचावपटूच्या हातात गेली आणि तो अठरा यार्ड पळत जाऊन नाचला. २१-७. हॅनी पुन्हा उठला आणि अर्ल बेनेटला ३५ यार्डांची फेक करून २१-१४ केलं. बेनेट हा कटलरचा विद्यापीठापासूनचा जोडीदार. बरोबरीची संधीही आली, पण शेवटच्या मिनिटात पुन्हा शील्ड्सने चेंडू पळवला. दोन आठवड्यांनी पॅकर्स सुपर बोल जिंकले.

हॅनीच्या या धडपडीने कटलरचं नुकसानच केलं. सामना ३५-० हरला असता तर गुडघ्याची चर्चा कदाचित झालीच नसती. एका अनामिक पोराने सामना इतका जवळ आणला म्हटल्यावर ‘मग तो साहेब काय करत होता?’ हा प्रश्न आपोआप उठला.

फोनवर भरलेलं न्यायालय

ट्विटर तेव्हा नवं होतं आणि खेळाडूंना त्याची चटक लागलेली होती. सामना संपायच्या आधीच निकाल लागायला सुरुवात झाली. जॅक्सनव्हिलचा मॉरिस जोन्स-ड्रू म्हणाला की मी दुखऱ्या गुडघ्यावर हंगाम काढला, हा एक सामना संपवू शकत नाही? (हंगामाचे शेवटचे दोन सामने तो स्वतः त्याच गुडघ्यापायी बसला होता, हे त्याला लोकांनीच आठवून दिलं.) अॅरिझोनाच्या डार्नेल डॉकेटने लिहिलं की मी शिकागोत असतो तर आमची अंघोळ आणि कपडे होऊन आम्ही निघून जाईपर्यंत याला ड्रेसिंग रूममध्ये घेतलं नसतं. माजी खेळाडू डिऑन सँडर्सने म्हटलं की मी दुखापतीवर शंका घेत नाही, काळजावर घेतो. आणि डेरिक ब्रूक्स, एकेकाळचा मातब्बर लाइनबॅकर म्हणजे बचावफळीतला खेळाडू, म्हणाला की ज्याच्यात धमक नाही त्याच्यावर औषध नाही. गंमत म्हणजे टॅम्पात ब्रूक्सला लाइनबॅकरचे धडे देणारे प्रशिक्षक लव्ही स्मिथच होते. दुसरीकडे कटलरच्या नावाची जर्सी जाळतानाची छायाचित्रं फिरायला लागली.

यांतल्या एकानेही त्याचा गुडघा पाहिला नव्हता. पाहिला होता तो चेहरा.

बेअर्सच्या आतून आलेला आवाज पूर्ण उलटा होता. संघाचा खरा कणा असलेला ब्रायन अर्लाकर भडकून म्हणाला की त्याच्या कणखरपणावर आम्हाला अजिबात शंका नाही, तो वर्षभर मार खातो, कुरकुर करत नाही आणि पुन्हा उभा राहतो. आता अर्लाकर काही कटलरचा जिगरी दोस्त म्हणून प्रसिद्ध नव्हता, म्हणून मला या साक्षीचं वजन जास्त वाटतं. ५२ वेळा आडवा पडून ५२ वेळा उठणारा माणूस त्रेपन्नाव्या वेळी अचानक घाबरला असं म्हणायला काहीतरी पुरावा लागतो.

रिव्हर्सचा गुडघा आणि कुंबळेची पट्टी

कटलरच्या विरोधात सगळ्यात जड दाखला दिला गेला तो सॅन डिएगोचा क्वार्टरबॅक फिलिप रिव्हर्सचा. जानेवारी २००८मध्ये याच पायरीवरचा सामना रिव्हर्स गुडघ्याचं मुख्य अस्थिबंध तुटलेलं असताना खेळला, तेही सहा दिवसांपूर्वी गुडघ्यात दुर्बीण घालून शस्त्रक्रिया करून. डेन्व्हरला असताना कटलर आणि रिव्हर्स यांची मैदानावर चांगलीच जुंपली होती, त्यामुळे तुलनेला चव आली.

रिव्हर्सचं धाडस वादातीत आहे. पण त्या सामन्याचा ताळेबंद बघा. ३७ फेकींपैकी १९ पूर्ण, टचडाऊन शून्य, इंटरसेप्शन दोन आणि सॅन डिएगो १२-२१ने पराभूत. म्हणजे रिव्हर्सने संघाला जिंकवलं नाही. त्याने संघाला एक गोष्ट दिली, जी पुढे वर्षानुवर्षं सांगता आली. नेतृत्वात अशा गोष्टीची किंमत असते, मी ती उडवून लावत नाही. आपल्याकडे २००२ साली अँटिग्वात जबडा मोडलेला अनिल कुंबळे डोक्याभोवती पट्टी गुंडाळून गोलंदाजीला आला आणि त्याने लाराला पायचीत पकडलं. सामना अनिर्णित राहिला हे किती जणांना आठवतं? पट्टी सगळ्यांना आठवते.

आणि मुद्दा तिथेच आहे. कुंबळेची पट्टी दिसत होती. रिव्हर्सच्या गुडघ्याची बातमी आठवडाभर आधी घरोघरी पोचली होती. कटलरचं दुखणं घट्ट पँटच्या आत होतं, त्याच्या हातात कुबड्या नव्हत्या, पायावर बर्फ बांधलेला दिसत नव्हता आणि चेहरा तर असं काही सांगायच्या कामाचाच नव्हता. प्रेक्षकांना दुखणं सोसणारा माणूस चालतो, पण सोसतोय हे त्यांना दिसावं लागतं.

मग दोष कुणाचा? माझ्या मते त्या दुपारचा मोठा दोष संघाच्या व्यवस्थापनाकडे जातो. डॉक्टरांनी आणि प्रशिक्षकांनी मिळून खेळाडूला थांबवलं असेल, तर ते सामना चालू असतानाच ठणकावून सांगायला हवं होतं. ‘गुडघा, परत येण्याबद्दल साशंकता’ एवढ्या मोघम निरोपावर देशाला सोडून दिलं. स्मिथ यांनी नंतर त्याची बाजू घेतली, नीट घेतली, पण तोवर जर्सी जळून राख झाल्या होत्या.

कटलरकडेही थोडा दोष जातो, पण तो वेगळ्या खात्यावर. दोन वर्षांत त्याने शिकागोत माणसं जोडली नव्हती. पत्रकारांना तुटक उत्तरं द्यायची, चाहत्यांकडे बघायचं नाही, आपल्याबद्दल कुणी काय समजतं याची फिकीर नसल्यासारखं वागायचं. असा माणूस अडचणीत आला की त्याच्यासाठी कुणी शब्द खर्च करत नाही. बँकेत पैसे न भरता धनादेश फाडल्यासारखं झालं.

जवळपास दहा महिन्यांनी, २० नोव्हेंबर २०११ रोजी, त्याच मैदानावर सॅन डिएगोविरुद्धचा सामना होता. समोर रिव्हर्सच होता. स्वतःची फेक पळवली गेली म्हणून चेंडू नेणाऱ्याला अडवायला कटलर धावला आणि त्यात त्याच्या उजव्या हाताचा अंगठा मोडला. फेकायचा हात! तो तसाच खेळत राहिला, बेअर्स ३१-२० जिंकले. तेव्हा ते ७-३ असे होते. पुढे हॅनीने चार सामने सुरू केले, चारही हरले आणि हंगाम ८-८वर संपला. जानेवारीतल्या टीकाकारांपैकी कुणी मोडक्या अंगठ्याबद्दल दोन शब्द लिहिल्याचं मला आठवत नाही.

जिथे तो खरंच चुकला

एवढं झाल्यावर कटलर निर्दोष ठरवून मोकळं व्हायचा मोह होतो. पण १३ सप्टेंबर २०१२ची रात्र मधे येते.

ग्रीन बे, गुरुवारचा सामना. आदल्या दिवसांत कटलरने पॅकर्सच्या बचावफळीबद्दल, आमच्या पोरांना अंगाला भिडून अडवायला बघाल तर शुभेच्छा, अशा अर्थाची टिमकी वाजवली होती. प्रत्यक्षात सात सॅक आणि चार इंटरसेप्शन झाली. डावीकडून पॅकर्सचा क्ले मॅथ्यूज पुन्हा पुन्हा घुसत होता आणि त्याला अडवायचं काम होतं लेफ्ट टॅकल जे’मार्कस वेबचं. वेब सातव्या फेरीत, म्हणजे अगदी तळातून निवडलेला तरुण, उंची सहा फूट सात इंच. एका सॅकनंतर दोघं मैदानाबाहेर जात असताना कटलर त्याच्यावर ओरडत आला. वेबने तोंड फिरवलं. कटलरने जाताजाता त्याला खांद्याने धक्का दिला. वेबने वळून पाहिलं आणि चालत राहिला. कॅमेऱ्यावर हा सगळा प्रकार काही सेकंदांचा आहे. मी तो अनेकदा पाहिला आहे, आणि प्रत्येक वेळी माझी नजर वेबच्या खांद्यांवर जाते. एवढा मोठा माणूस, पण खांदे शाळेत बाकावर उभं केलेल्या पोरासारखे पडलेले.

बेअर्स १०-२३ने हरले. सामन्यानंतर कटलर म्हणाला की मला या खेळाची पर्वा आहे, हा काही माझा छंद नाही, पर्वा नसलेला क्वार्टरबॅक हवा असेल तर दुसरा शोधा. वीस महिन्यांपूर्वी ज्याला ‘याला कशाची पर्वाच नाही’ म्हणून जाळलं, तोच आता पर्वा आहे म्हणून धक्का मारतो आहे असं सांगत होता. या वेळी ड्रेसिंग रूममधून पाठराखण आली नाही. बचावपटू डी. जे. मूरने उघड सांगितलं की एखाद्या माणसावर असं तुटून पडणं चुकीचं आहे. काही दिवसांनी कटलरने कबुली दिली, पण अर्धीच. धक्का द्यायला नको होता, ओरडल्याचा मात्र पश्चात्ताप नाही.

स्वभाव दबावाखाली कसा उसवतो ते मला या रात्री जानेवारीतल्या सामन्यापेक्षा जास्त स्पष्ट दिसतं. ओरडण्याला माझी हरकत नाही. या खेळात क्वार्टरबॅक ओरडतात, टॉम ब्रेडी तर साइडलाइनवर सहकाऱ्यांना शिव्या घालायचा. पण एक, त्या रात्रीच्या चार इंटरसेप्शनपैकी एकही वेबने फेकलेलं नव्हतं. दोन, ज्याच्या भरवशावर पाठ टाकायची त्याला सगळ्या देशासमोर उघडं पाडलं, तर पुढच्या चालीला तो आणखी दबून उभा राहणार. आणि तीन, शारीरिक मार कटलर मुकाट सोसायचा, पण अपमान सोसायची वेळ आली की तो दुसऱ्याच्या दारात टाकायचा. हॉलच्या चार इंटरसेप्शननंतरचं ते वाक्य आठवा. धागा तोच आहे.

म्हणून २०११च्या टीकाकारांवर माझा राग दुहेरी आहे. त्यांनी खोटा आरोप केला, आणि त्या खोट्या आरोपाच्या धुरळ्यात खरा दोष झाकला गेला. सगळं शहर त्याच्या गुडघ्यावर भांडत राहिलं, आणि सहकाऱ्याशी तो कसा बोलतो हा प्रश्न वेबला धक्का बसेपर्यंत कुणी लावून धरला नाही.

सतत बदलणारे मास्तर

आणखी एक गोष्ट जमेला धरावी लागते. शिकागोतल्या आठ हंगामांत कटलरच्या आक्रमणाची सूत्रं पाच वेळा हात बदलून गेली. टर्नर, मार्ट्झ, टाइस, ट्रेस्टमन आणि क्रोमर, गेस, लॉगेन्स. प्रत्येक वेळी चालींची नवी भाषा, नवे इशारे. माइक मार्ट्झच्या पद्धतीत क्वार्टरबॅकने चेंडू जास्त वेळ हातात ठेवायचा आणि लाइन तर कच्ची, त्याचा हिशेब ५२ सॅकमध्ये निघाला. २०१५ साली अॅडम गेस आला. त्याने फेकी झटपट ठेवल्या, जोखीम कमी केली, तर त्याच कटलरची इंटरसेप्शन ११वर आली आणि फेकींचं मानांकन ९२.३ झालं, त्याच्या कारकिर्दीतलं सगळ्यात चांगलं. त्याच वर्षी थँक्सगिव्हिंगच्या रात्री ग्रीन बेमध्ये, पॅकर्सचा जुना क्वार्टरबॅक ब्रेट फार्व याच्या सन्मानाच्या सोहळ्यावर विरजण घालत, बेअर्स १७-१३ जिंकले. ‘स्वभाव’ म्हणून आपण जे माणसाच्या कपाळी लिहितो त्यातलं किती त्याचं आणि किती त्याच्या भोवतालचं, हे वेगळं काढणं सोपं नसतं.

डिसेंबर २०१४

कटलरला जानेवारी २०१४मध्ये सात वर्षांचा, सुमारे १२ कोटी ६७ लाख डॉलरचा करार मिळाला होता. डिसेंबर येईतो हंगाम गाळात होता आणि संघाला या कराराचा पस्तावा होतो आहे अशी बातमी आतल्या गोटाचा हवाला देऊन फुटली. नाव छापलं नव्हतं. काही दिवसांनी आक्रमण-प्रशिक्षक आरन क्रोमर खेळाडूंच्या बैठकीत उभा राहिला आणि पत्रकाराशी आपणच बोललो असं त्याने रडत कबूल केलं. कटलर त्याच खोलीत होता.

रोज ज्याच्या सूचनेने खेळायचं तो माणूस पाठीमागे आपल्याबद्दल असं बोलला. २००९चा कटलर असता तर फोन बंद करून बसला असता. २०१२चा असता तर कदाचित खांदा मारला असता. पत्रकारांनी विचारलं तेव्हा त्याने सांगितलं की मी चिडलेलो नाही. आवाज चढला नाही, उत्तर लांबलं नाही. चेहऱ्यावर काही होतं का, तर नव्हतं.

पुढच्याच आठवड्यात मुख्य प्रशिक्षक ट्रेस्टमननी त्याला बसवून राखीव क्वार्टरबॅक जिमी क्लॉसनला खेळवलं. क्लॉसनच्या डोक्याला मार लागला म्हणून हंगामातला शेवटचा सामना परत कटलरच्याच गळ्यात पडला. मिनेसोटात बेअर्स ९-१३ने हरले आणि दुसऱ्या दिवशी ट्रेस्टमन आणि सरव्यवस्थापक फिल एमरी दोघांनाही घरी पाठवलं. कटलर राहिला, आणखी दोन हंगाम. बेअर्सच्या शतकभराच्या इतिहासात सर्वाधिक यार्ड आणि सर्वाधिक टचडाऊन फेकणारा क्वार्टरबॅक म्हणून २०१७मध्ये तो शिकागोतून गेला, २३,४४३ यार्ड आणि १५४ टचडाऊन. त्याच्या नावाने गल्लीत आजही विचारलं तर पहिलं उत्तर येतं ते सायकलचं.